तांदळातलं नाव

शनिवार, रात्रीचे साडेदहा

दुपारी ॲम्स्टरडॅमला वेस्टरमार्क्टवर, कालव्याकाठच्या गुलाबी ग्रॅनाइटवर बसून पोळीभाजी खाल्ली. हे समलिंगी लोकांचं स्मारक. मैत्रीच्या अमाप ओढीची एक ओळ तिथं कोरली आहे, याकोब इस्राएल द हान या कवीची. इतकी वर्षं तिथून जातेय, पण आज ती वाचताना त्याची बहीण आठवली. सध्या माझ्या उशाशी तिचीच ‘एव्हा’ ही कादंबरी आहे.

बहीण १ जानेवारी १८८१ची, भाऊ त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरचा. (त्या माउलीचं वर्ष कसं गेलं असेल!) वडील झान्दामच्या ज्यू प्रार्थनामंदिरात प्रार्थना गाणारे, घरात पोरांचं लेंढार. हिचं नाव कॅरोलिन लेआ द हान. शिकली, शाळेत शिकवू लागली. १९०४मध्ये केस व्हान ब्रुखेन या पत्रकाराशी लग्न करून सुमात्रातल्या मेदानला गेली, तीन वर्षांनी परतली. मग लिहितच सुटली, कॅरी व्हान ब्रुखेन या नावानं. काही पुस्तकं युस्टीन ॲबिंग या टोपणनावानंही. पुढं घटस्फोट झाला. १९२०मध्ये कलेचे अभ्यासक आद्रियान पिट यांच्याशी दुसरं लग्न. तरी पुस्तकांवर आडनाव राहिलं ते सोडलेल्या नवऱ्याचंच!

हे वाचून आधी हसू आलं, मग नाही आलं. माझं नवं नाव सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून घेतलं होतं. पासपोर्टवर तेच. इथल्या नगरपालिकेत खिडकीपलीकडच्या बाईंनी जन्मनाव विचारलं, तर मी क्षणभर अडखळले.

कॅरीला कळपाचंच वावडं. १९१९मध्ये, डच बायकांना मताचा हक्क मिळाला त्याच वर्षी, तिचा ‘प्रॉमेथिअस’ हा जाडजूड ग्रंथ आला. त्यात एकट्या माणसाची बाजू घेतली आहे. मला तो झेपला नाही. ‘एव्हा’ (१९२७) मात्र झेपतेय, शब्दकोश मांडीवर घेऊन का होईना. शतक पालटतं त्या रात्री ती सुरू होते आणि मग थेट एव्हाच्या डोक्यातूनच चालते: लाज, देहाची ओढ, आईपण, अर्धवट तुटलेली वाक्यं. बाईच्या मनातलं इतकं उघडं तेव्हा कुणी छापलं असेल, असं वाटलं नव्हतं.

त्याआधी तीन वर्षं, १९२४मध्ये, जेरुसलेमला भावाला गोळ्या घालून मारलं होतं. ‘एव्हा’नंतर तिला नैराश्यानं गाठलं. १९३२मध्ये लारेन या गावी ती वारली, एक्कावन्नाव्या वर्षी.

झोपण्याआधी आईला फोन केला. ती मला अजून जुन्याच नावानं हाक मारते.