‘इथंच’ म्हणजे नेमकं कुठं?

खंबाटकी घाटात गाडीच्या काचा आतून धुरकटल्या आणि धाकटीनं त्यावर बोटानं मांजर काढलं. डिसेंबरातला शनिवार, सकाळचे सात. पुढच्या सीटवर आबा, म्हणजे माझे सासरे, कानटोपी घालून आणि मांडीवर वही घेऊन. वहीत तीन दिवसांचा बेत होता आणि पानाच्या मधोमध पट्टीनं मारलेली रेघ. डावीकडे संग्रहालयं, उजवीकडे ‘सिनेमाच्या जागा’. आबांचा जीव डावीकडे, पोरांचा उजवीकडे. गाडी नवरा चालवत होता, त्यामुळे त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

उजव्या रकान्यातलं पहिलं नाव मेणवली. वाईच्या जरा पुढं, कृष्णेकाठी. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्यामागं दगडी घाट, घाटावर देवळं. 2004 मधल्या ‘स्वदेस’चं चरणपूर ते हेच. थोरल्यानं मोबाइलवर सिनेमा लावला आणि एक डोळा पडद्यावर, एक डोळा घाटावर ठेवून पायऱ्या जुळवत उतरू लागला.

“एवढाच आहे?” तो म्हणाला.

पडद्यावर घाट ऐसपैस होता. समोरच्या घाटावर एक बाई चादरी आपटत होती आणि तिच्या कडेनं जायला वाट काढावी लागत होती. “इथंच तो सीन झाला,” असं मी तीनदा तीन वेगवेगळ्या ठिकाणी सांगितलं. तिसऱ्यांदा पोरानं विचारलं, “इथंच म्हणजे नेमकं कुठं?” मला माहीत नव्हतं. सिनेमाची जागा बघायला जाणं हे असंच असतं. लोक येतात, रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवतात, त्या कोपऱ्यासोबत फोटो काढतात आणि समाधानानं परततात. आम्हीही काढले.

वाईकरांना मात्र याचं काही वाटत नसावं. ‘गंगाजल’मध्ये हा मुलूख बिहार झाला, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश. कृष्णामाईला सारखा गंगेचा रोल मिळतो आणि ती मुकाट करते.

मेणवलीत माझे पाय खिळले ते घंटेपाशी. घाटावरच्या देवळाजवळ लहानशा घुमटीत एक भलीमोठी घंटा टांगली आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हाची ही लूट. चर्चची घंटा, महादेवाच्या शेजारी. जवळ जाऊन पाहिलं तर धातूवर मेरी आणि बाळ येशूची उठावातली आकृती. धाकटीनं वाकून, श्वास लागेल इतक्या जवळून बाळ शोधलं. ही आकृती कुठल्याच रकान्यात नव्हती, म्हणून आबांनी वहीच्या समासात टिपून ठेवली.

रविवारी औंध. रहिमतपूरच्या वाटेवर गळिताचा हंगाम ऐन भरात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर, वर गाण्यांचा दणदणाट, मागं दिवा नाही, आणि त्याच्यामागं आम्ही, ताशी पंधराच्या वेगानं. ट्रॉलीतून एक ऊस घसरून रस्त्यावर पडला. थोरल्याचं म्हणणं, थांबून उचलावा. संपूर्ण सहलीत नवऱ्यानं ठाम नकार दिला तो एवढाच.

औंधचं श्री भवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. सूर्यनमस्कारांचा प्रसार त्यांनी हिरिरीनं केला आणि 1938 मध्ये आपला चित्रसंग्रह लोकांसाठी खुला केला. चित्रकारांत रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं ‘मदर अँड चाइल्ड’. खटाव तालुक्यातल्या टेकडीवर हेन्री मूर! शिल्प लहानसं. धाकटी त्याच्यापुढं उभी राहिली. “हिला तोंडच नीट काढलेलं नाही,” असा निकाल देऊन झाला. मग जरा वेळानं म्हणाली, “पण बाळ धरलंय कालच्या घंटेवरच्या बाईसारखंच.” मी पुन्हा बघितलं. मला ते दिसलं नसतं.

बाहेर पायऱ्यांवर आबांनी स्वतंत्रपूरची गोष्ट काढली. याच संस्थानात आटपाडीजवळ 1939 च्या सुमारास कैद्यांना भिंती नसलेल्या तुरुंगात ठेवण्याचा प्रयोग झाला होता. ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. त्यांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. “भिंत नाही तर पळाले का नाहीत?” थोरल्यानं विचारलं आणि उत्तर ऐकायला मोबाइल खिशात ठेवला. आबा खुशीत बोलत राहिले. पण रात्री वही उघडल्यावर पेच पडला की औंध कुठल्या रकान्यात टिक करायचं. शेवटी त्यांनी रेघेवरच टिक केली.

सोमवारी कोल्हापूर. नट-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या राजारामपुरीतल्या बंगल्यातलं कलासंग्रहालय आबांना फार दाखवायचं होतं. 1952 च्या ‘छत्रपती शिवाजी’मधला शिवाजी घरी पावडरनं किती हळुवार निसर्गचित्रं काढायचा, ते. फाटकाला कुलूप. टाऊन हॉलच्या संग्रहालयाचीही तीच गत. इथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला रोमन समुद्रदेव, इवलासा ब्राँझचा पोसायडन, आत होता आणि आम्ही बाहेर. सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे आपल्याला तिसरीपासून माहीत असतं. वहीत सगळं होतं, फक्त वार नव्हते. नवरा काही बोलला नाही. मोठ्यानं बोलला नाही.

“खांबाला सुट्टी नसते,” म्हणत आबांनी गाडी खरी कॉर्नरला घ्यायला लावली. भर चौकात स्तंभ आणि त्यावर कॅमेरा. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दोघे नात्यातले भाऊ, यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायचं मनावर घेतलं. आनंदराव 1916 मध्येच गेले. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामलेंना हाताशी धरून 1918 मध्ये तो पुरा केला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षकांतल्या काही जणी बेशुद्ध पडल्या, असं सांगतात. हे सगळं आबा रिक्षांच्या हॉर्नवर आवाज चढवून सांगत होते.

“इथंच होती बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी.”

“इथंच म्हणजे?” दोन्ही पोरं एकदम.

“इथंच. या आसपास.”

थोरल्यानं मोबाइल वर धरला. खांब फ्रेममध्ये बसेना, मध्ये सारख्या स्कूटर येत होत्या. धाकटी मान वर करून त्या कॅमेऱ्याकडे टक लावून पाहत होती. “आबा, हा चालू आहे का?”

आबांनी वर पाहिलं. मग कानटोपी काढून खिशात कोंबली आणि दोन्ही हातांनी केस नीट केले.