वाड्याचं मॉडेल: तळमजला उभा राहिला, जिना अडून बसला

मंडळी, वाईच्या आमच्या आजोळच्या वाड्याचं बिम मॉडेल (भिंत, खांब अशा प्रत्येक भागाची माहिती साठवणारं इमारतीचं त्रिमितीय मॉडेल) अखेर तळमजल्याच्या कडीपाटापर्यंत, म्हणजे लाकडी छतापर्यंत आलं. तळखडे (खांबांखालचे दगड), खांब, हस्त (तुळईला खांबावर आधार देणारे लाकडी तुकडे), तुळया सगळं जागेवर आहे. मागचा चौक अजून मोकळाच. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, कारण पुढचं रडगाणं या जातीच्या बहुतेक प्रोग्रामांना कमी-जास्त लागू पडेल.

मुळातला झगडा असा की प्रोग्राम भिंतीपासून विचार करतो आणि वाडा खणापासून, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यापासून. ओसरी किती खणांची, माजघर किती खणांचं, असाच जुन्या सुतारांचा हिशेब. म्हणून आधी खणांची ग्रिड मारली, खांब उभे केले आणि मग भिंती ओढल्या. भिंत खांबाला टेकली मात्र, सागवानी खांबावर चुन्याचा गिलावा चढला! 'वास्तू' गटातला खांब भिंतीला चिकटला की तिचं मटेरियल अंगावर घेतो. आरसीसीच्या फ्लॅटमध्ये ही सोय आहे, इथे विटंबना. सगळे खांब 'स्ट्रक्चरल' गटात टाकल्यावर लाकूड पुन्हा लाकूड दिसायला लागलं.

सुरूदार (सुरूच्या झाडासारख्या निमुळत्या) खांबाचा घटक बनवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अख्खा खांब एकच आकार म्हणून केला, तर उंची बदलताच वरचं केळफूलही ताणलं जातं. बैठक, मधला दांडा आणि वरची नक्षी असे तीन भाग करा आणि उंचीचं पॅरामीटर फक्त दांड्याला जोडा.

लेव्हलचं, म्हणजे प्रोग्राममधल्या मजल्याच्या पातळीचं, थोडक्यात सांगतो. ओसरी एक पायरी खाली, माजघर एक पायरी वर. प्रत्येक पायरीला वेगळी लेव्हल दिलीत तर नकाशांची यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढते. एकच लेव्हल ठेवा आणि जमिनींना खाली-वर ऑफसेट द्या.

आता जिना. वाड्यात तो भिंतीच्या पोटात आहे. भिंत तीन फूट जाड, जिना जेमतेम दोन फूट रुंद, अकरा चढांत नऊ फूट वर. म्हणजे एकेक चढ जवळपास दहा इंच. माझ्या टेम्प्लेटमध्ये राष्ट्रीय इमारत संहितेचे (२०१६) राहत्या घरांसाठीचे आकडे भरलेले आहेत: चढ जास्तीत जास्त १९० मिमी, पायरीची रुंदी (पाऊल ठेवायची जागा) कमीत कमी २५० मिमी. त्या हिशेबाने नऊ फुटांना पंधरा चढ आणि चौदा पायऱ्या लागतात, म्हणजे साडेतीन मीटर लांबी. भिंतीत जागा आहे दोन मीटरची. टूल जिना काढतं, तो कोनाडा फोडून थेट देवघरात शिरतो, आणि वर इशारा येतो तो कशाचा, तर कठडा नसल्याचा! नियम सैल केले तरी टूल सगळे चढ एकाच उंचीचे करतं. खऱ्या जिन्याचा पहिला दगडी चढ चांगलाच उंच आहे, आणि आम्ही मुलं त्यावर हमखास ठेचकाळायचो. तो सारखा करून टाकायचा असेल तर या वाड्याचं मॉडेल करायचंच कशाला?

शेवटी जिन्याचं टूल सोडलं. भिंतीत पोकळी कोरली आणि पायऱ्या एकेक करून घन आकार म्हणून बसवल्या. दिसतं अगदी हुबेहूब. पण प्रोग्रामच्या लेखी तो आता जिना नाही, नुसते ठोकळे. आयएफसीमध्ये (वेगवेगळ्या बिम प्रोग्रामांना वाचता येणाऱ्या सामायिक फाइल प्रकारात) काढला तेव्हा सगळा ऐवज 'बिल्डिंग एलिमेंट प्रॉक्सी' म्हणून, म्हणजे बेवारस खात्यात गेला. निर्यातीच्या मॅपिंगमध्ये वर्ग हाताने बदलून 'आयएफसी-स्टेअर' केला, फाइल ब्लेंडर या त्रिमितीय प्रोग्राममधल्या बोन्साय या आयएफसीच्या जोडणीत उघडून तपासली, तेव्हा कुठे ओळख पटली.

एक वेगळाच त्रास खांबांच्या कडा थरथरण्याचा होता. झूम केलं की तुळया अंगात आल्यासारख्या हलायच्या. मोजणीचा नकाशा यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीत होता. वाईचं नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, जवळपास २० लाख मीटर. सिंगल प्रिसिजनच्या (संगणकात ३२ बिटांत साठवलेल्या) आकड्यात २४ बिटांचीच अचूकता असते, त्यामुळे २० लाखांच्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांमध्ये १२.५ सेंटिमीटरचं अंतर पडतं. पडद्यावर चित्र काढताना हाच आकडा वापरला जातो, मग पाच इंचांची कड नाचणारच. चौकातल्या तुळशीवृंदावनाचा कोपरा शून्य धरला, खरे अक्षांश-रेखांश सामायिक निर्देशांकांत वेगळे ठेवले, आणि थरथर बंद झाली.

चौकाच्या दोन कर्णांत चार इंचांचा फरक आहे. त्यावरून 'रेषा अक्षापासून किंचित कललेली आहे' असे इशारे ढिगाने येतात. ते मी वाचत नाही. चौक तसाच आहे.

पुढचं काम छपराचं. आढं (छपराच्या माथ्यावरची आडवी तुळई) मधोमध चार बोटं खचलंय आणि छपराच्या टूलला सरळ आढंच कळतं. वासे एकेक करून बसवले तर जमेल, पण मग मंगलोरी कौलांच्या ओळी तिरक्या कापाव्या लागतील. पॉइंट क्लाउडवरून (स्कॅनरने टिपलेल्या असंख्य बिंदूंवरून) जाळी काढून त्यावर कौलं पसरायचाही विचार आहे, फक्त माझ्या लॅपटॉपची रॅम १६ जीबी. खचलेल्या आढ्यावर कुणी कौलं बसवली असतील, तर फाइल जड न करता कशी बसवली ते सांगा.