कुणाला न कळणारी बक्षिसं

‘तुम्ही ज्यांना बक्षिसं देता त्यांना ती मिळाल्याचं कळतही नाही. मग दरवर्षी एवढा खटाटोप कशासाठी?’ दरवर्षी पाहिलेल्या सिनेमांना मी माझ्या वहीत माझी स्वतःची बक्षिसं देते. ती वही ज्यांनी ज्यांनी चाळली, त्या सगळ्यांनी हे विचारलंय. परवा तुम्हीही विचारलंत. तेव्हा मी ‘आवड म्हणून’ एवढंच म्हणाले. ते उत्तर अपुरं होतं, म्हणून आता सविस्तर सांगते.

सिनेमा फार लवकर हातातून निसटतो. कथा राहते, शेवट राहतो, एखादं गाणं राहतं. पण ज्या क्षणी आपण खुर्चीत पुढे सरकून बसलो, तो क्षण नेमका कुठला होता? त्यात कोण काय करत होतं? हे चार महिन्यांत पुसट होतं, आणि त्या जागी ‘काय अभिनय केलाय!’ एवढं एक वाक्य उरतं. तेही पुष्कळदा दुसऱ्या कुणाचं तरी ऐकलेलं. बक्षीस द्यायचं ठरवलं की या वाक्यावर भागत नाही. कुणाला, कुठल्या प्रसंगासाठी, आणि बाकीच्या चौघांना का नाही, हे सगळं मला वहीत लिहावं लागतं. लिहायला बसलं की आपल्याला धड आठवत नाही हे लक्षात येतं. मग तो सिनेमा पुन्हा पाहावा लागतो. खरं सांगायचं तर मी बक्षिसं देते ती एवढ्यासाठीच, की त्या निमित्तानं पुन्हा पाहणं होतं.

त्यामुळे माझा पहिला नियम असा, की शेवटच्या पाचांत आलेला प्रत्येक सिनेमा निकालाआधी पुन्हा पाहायचा. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं 2025 मध्ये जाहीर केलं, की ज्या विभागात अंतिम मत द्यायचं त्या विभागातले नामांकन मिळालेले सगळे चित्रपट सदस्यानं पाहिलेले असले पाहिजेत. हा नियम इतक्या उशिरा आला याचं मला वाईट वाटलं. न पाहिलेल्या कामाला डावलणं हा त्या कामावरचा अन्यायच आहे.

दुसरा प्रश्न वर्षाचा. सिनेमा कुठल्या वर्षाचा धरायचा, तो प्रदर्शित झाला त्या, की मी पाहिला त्या? चॅप्लिनचा ‘लाइमलाइट’ 1952 चा, पण लॉस एंजेलिसमध्ये तो रीतसर लागला 1972 साली. म्हणून त्याच्या संगीताला ऑस्कर मिळालं ते 1973 च्या सोहळ्यात. वीस वर्षं जुनं संगीत त्या सोहळ्यापुरतं नवं ठरलं! मी मुख्य बक्षिसं प्रदर्शनाच्या वर्षानुसार देते, पण एक बक्षीस वेगळं ठेवलंय : ‘उशिरा भेटलेला’. कितीही जुना सिनेमा असो, मी यंदा पहिल्यांदा पाहिलेला असला की तो त्यात बसतो. असे सिनेमे माझ्या वर्षात असतातच आणि कधी कधी नव्या सगळ्यांना मागे टाकतात. ते बाहेर ठेवले तर वहीत माझं वर्ष खोटं उतरेल.

भूमिका लहान की मोठी हा वाद मी फार घालत नाही. ऑस्करमध्ये सहाय्यक अभिनयाची बक्षिसं 1936 च्या चित्रपटांपासून सुरू झाली, आणि 1944 च्या एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्झजेराल्ड यांना मुख्य आणि सहाय्यक अशी दोन्ही नामांकनं मिळाली. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मध्ये अँथनी हॉपकिन्स पडद्यावर अर्धा तासही दिसत नाहीत, आणि त्यांना मिळालं ते मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर. तेव्हा ही सीमारेषा कधीच पक्की नव्हती. मी फक्त एक विभाग ठेवलाय, दहा मिनिटांच्या आतल्या भूमिकेचा. येते, एक दार उघडते, दोन वाक्यं बोलते आणि त्या घरात गेली वीस वर्षं काय चाललंय ते आपल्याला कळतं, अशा कामासाठी. अभिनेते आणि अभिनेत्री असे वेगळे विभागही मी करत नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या बक्षिसाबद्दल. त्याचं नाव ‘ऐकणं’. समोरचा बोलत असताना ज्या नटानं सगळ्यात चांगलं ऐकलं, त्याला ते मिळतं.

बोलणारा नट आपल्याला लगेच दिसतो. त्याच्याकडे वाक्यं असतात, चढउतार असतात. ऐकणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. संवाद त्याला पाठ असतो, पुढचं वाक्य काय येणार ते ठाऊक असतं, तरी ते आत्ताच कानावर पडलं असं त्याला आपल्याला पटवायचं असतं. कच्चा नट इथे उघडा पडतो. तो ऐकत नाही, आपली पाळी येण्याची वाट पाहतो. त्याच्या भुवया वाक्य संपायच्या आधीच वर जातात. मुरलेला नट वाक्याच्या मध्येच कुठेतरी बदलतो, एखाद्या शब्दावर. कुठल्या शब्दावर, हे शोधायला मी तो प्रसंग आधी आवाज बंद करून पाहते आणि मग आवाज लावून. पहिल्या वेळी चेहरा जिथे हलला, तिथे दुसऱ्या वेळी कुठला शब्द पडतो ते पाहायचं. तो नेमका शब्द सापडला की मला जो आनंद होतो, त्यासाठी मी वर्षभर सिनेमे पाहते म्हटलं तरी चालेल.

पण इथे एक पेच आहे. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग प्रसिद्धच आहे. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा, आणि त्याच्या शेजारी कधी सूपची थाळी, कधी शवपेटी. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा दुःख. म्हणजे मला जे ऐकणं दिसतं ते नटाचं, की कुठे कापायचं ते ठरवणाऱ्या संकलकाचं? यावर बराच विचार करून गेल्या काही वर्षांपासून मी हे बक्षीस दोघांना मिळून देते आणि वहीत दोघांची नावं लिहिते. संकलकाचं नाव श्रेयनामावलीतून मुद्दाम शोधून काढावं लागतं. त्या निमित्तानं किती संकलक ओळखीचे झाले!

डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरच्या 1928 च्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ला मी ‘उशिरा भेटलेला’ आणि ‘ऐकणं’ ही दोन्ही बक्षिसं एकाच वर्षी दिली. तो मूकपट आहे, तरीही. जोनचं काम करणाऱ्या फाल्कोनेत्तीचा चेहरा न्यायाधीशांचे प्रश्न ऐकतो आणि आपल्याला ते प्रश्न किती जड आहेत ते कळतं. मूळ रूपातला हा सिनेमा आगीत गेला असं मानलं जात होतं. 1981 मध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात त्याची प्रत सापडली. ती तिथे पडून राहिली असती तर तो चेहरा मला असा दिसलाच नसता, या विचारानं आजही पोटात गोळा येतो.

निकाल चुकतातही. एका वर्षी ज्या सिनेमाला मी पहिलं बक्षीस दिलं, तो तीन वर्षांनी पुन्हा पाहिला तेव्हा जाणवलं, की मला रडवलं होतं ते पार्श्वसंगीतानं. प्रसंग आतून रिकामे होते. मी जुनी नोंद खोडली नाही. तिच्याखाली तारीख घातली आणि आता काय दिसलं ते लिहिलं. त्या वेळी मी खरंच हलले होते, तेही खरंच. वहीत आता अशा जोडनोंदी बऱ्याच आहेत, आणि जुन्या वर्षांची पानं उघडली की मी आधी त्याच वाचते.

तर ज्यांना बक्षीस मिळालं त्यांना ते कळत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण कुणीतरी एक शब्द इतक्या लक्ष देऊन ऐकला की कॅमेऱ्यात तो उतरला, आणि दुसऱ्या कुणीतरी तो नेमक्या जागी जपून ठेवला. त्यांनी एवढं केलं असताना मी निदान त्यांची नावं लिहून ठेवावीत, असं मला मनापासून वाटतं.

यंदाचा ‘ऐकणं’चा निकाल अजून लागलेला नाही. दोन प्रसंग उरले आहेत. एकात एक मुलगा फोनवर बहिणीचं बोलणं ऐकतो, दुसऱ्यात एक म्हातारी शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकते. म्हातारीचा प्रसंग आवाज बंद करून पाहून झालाय. तिची मान किंचित वळते, पण कुठल्या शब्दावर ते मला अजून सापडायचंय. आज रात्री आवाज लावून पाहणार आहे.