संग्रहालयाच्या अंगणातला सैतान

ब्रिटिश म्युझियमच्या फाटकातून संध्याकाळी माणसांचे लोंढे बाहेर पडताना मी पुष्कळदा पाहिले होते. म्हणूनच २९ ऑगस्ट २०१३ रोजी, दिवेलागणीच्या सुमारास, त्याच फाटकातून आत जाणारी रांग पाहून मौज वाटली. कोणाच्या काखोटीला सतरंजी होती, कोणाच्या हातात खाण्याची टोपली, आणि बहुतेकांच्या पिशवीतून छत्री डोकावत होती, कारण इंग्रज माणूस ऑगस्टच्या आभाळावरही विश्वास ठेवत नाही. चव्वेचाळीस खांबांच्या त्या भव्य दर्शनी भागासमोरच्या अंगणात पडदा उभारलेला होता आणि अंधार पडण्याची वाट पाहत आम्ही सारे फरसबंदीवर बसून होतो.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्या ऑगस्टपासून पुढच्या जानेवारीपर्यंत देशभर गॉथिक चित्रपटांचा उत्सव मांडला होता. दीडशेच्या आसपास चित्रपट होते आणि त्यांची विभागणी राक्षस, काळी विद्या, झपाटलेल्या वास्तू आणि सैतानी प्रेम अशा चार दालनांत केलेली होती. मोडकळीला आलेली वास्तू, तिच्या भिंतींत मुरलेले मागच्या पिढीचे पाप आणि ते फेडायला लागणारा नवा भाडेकरू किंवा वारस, हा या प्रकाराचा गाभा आहे. पडक्या वाड्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मला आकर्षण होते ते वेगळ्याच गोष्टीचे. हे चित्रपट नेहमीच्या चित्रपटगृहांबरोबर अशा जागीही दाखवले जाणार होते, की जिथे वास्तूच अर्धे काम करील.

पहिल्या रात्रीचा चित्रपट होता जाक तूर्नर यांचा १९५७ सालचा ‘नाइट ऑफ द डीमन’. त्यातला मांत्रिक कार्सवेल आपल्या सावजाच्या कागदपत्रांत गूढ लिपीतली एक चिठ्ठी हळूच सरकवतो. ठरलेल्या तारखेपर्यंत ती चिठ्ठी नकळत परत त्याच्याच हाती गेली नाही, तर सावजाचा मृत्यू अटळ असतो. ही चिठ्ठी सरकवली जाते ती ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात. पडद्यावर तो गोल घुमट दिसला मात्र, अंगणभर खसखस पिकली, कारण खरा घुमट समोरच्या खांबांच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर होता. त्याच दिवशी दुपारी मी त्या कक्षात जाऊन आलो होतो. तेव्हा तिथे पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराचे प्रदर्शन भरले होते. वाचकांची जुनी मेजे प्रदर्शनाच्या तक्तपोशीखाली झाकून टाकलेली होती आणि वर ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या, वेदनेने पिळवटलेल्या कुत्र्याचा साचा मांडला होता. चित्रपटातल्या कोणत्याही प्रसंगापेक्षा तो कुत्राच त्या रात्री माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच सैतान प्रत्यक्ष दिसतो. तो असा दाखवला जावा हा निर्मात्याचा हट्ट होता आणि दिग्दर्शकाला तो मुळीच मान्य नव्हता, हे चित्रपटवेड्यांत प्रसिद्ध आहे. मी दिग्दर्शकाच्या बाजूचा आहे. तो केसाळ प्राणी पडद्यावर येताच लोक हसले. पण मुलांच्या मेळाव्यात विदूषकाचा वेष करून रमलेला कार्सवेल जेव्हा शांतपणे वादळ उठवतो आणि खुर्च्या, टेबलक्लॉथ, माणसे सैरावैरा होतात, तेव्हा कोणी हसले नाही. नेमका त्याच वेळी अंगणात वारा सुटला. माझ्या शेजारच्या आजींनी काही न बोलता कार्डिगनची बटणे लावून घेतली.

दुसऱ्या रात्री भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅमर या ब्रिटिश कंपनीचा १९५८ सालचा ‘ड्रॅक्युला’ होता. तिसऱ्या रात्री त्याच कंपनीचा ‘द ममी’ असताना मला थांबता आले नाही, याची चुटपुट अजून आहे, कारण आत वरच्या मजल्यावर खऱ्या ममी झोपलेल्या असताना बाहेर अंगणात तो चित्रपट पाहण्याचा योग पुन्हा येणे कठीण.

ड्रॅक्युलाच्या ओढीने ऑक्टोबरात मी यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी गाठले. मिडल्सब्रोहून निघणारी छोटी आगगाडी एस्क नदीच्या कडेकडेने, रमतगमत दीड तासात तिथे पोहोचते. मूळ ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे लेखक ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात या गावी राहिले होते. ‘ड्रॅक्युला’ हे नाव त्यांना इथल्याच ग्रंथालयातल्या एका पुस्तकात सापडले आणि १८८५ साली इथल्या वाळूत रुतलेले ‘दिमित्री’ नावाचे रशियन जहाज कादंबरीत ‘डिमीटर’ होऊन आले. गंमत अशी, की ज्या चित्रपटाने मला इथवर आणले त्यात व्हिटबी नाहीच. हॅमरने इंग्लंडचा सगळा प्रवास कथेतून गाळला आणि मध्य युरोपातला तो सरदारवाडा थेम्सकाठच्या ब्रे स्टुडिओत उभा केला.

टेकडीवरच्या सेंट मेरी चर्चकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या मोजत चढण्याची प्रथा आहे. माझ्या १९८ च भरल्या, आणि पुन्हा खाली उतरण्याइतकी निष्ठा माझ्यात नव्हती. वर चर्चचे आवार आणि त्यामागे काच नसलेल्या खिडक्यांचा भग्न मठ आहे. खाऱ्या वाऱ्याने थडग्यांच्या वालुकाश्माला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पाडली आहेत. मी एका दगडावरून बोट फिरवले, तेव्हा अक्षर हाताला लागले नाही, पण पिवळसर वाळूची पूड बोटाला चिकटली. हा कडाही सावकाश ढासळतो आहे. त्याच वर्षाच्या आरंभी दरड कोसळून या आवारातली माणसांची हाडे उघडी पडली होती. उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत न छापलेला हा प्रसंग सगळ्यांत गॉथिक म्हणावा लागेल.

चर्चच्या आत लाकडी पेटीसारख्या बंदिस्त बैठका आहेत आणि मधोमध एक जुनी शेगडी. ड्रॅक्युलाची कबर कुठे आहे असे कृपया विचारू नये, ती इथे नाही, अशा आशयाची सूचना तिथे लावली आहे. मी ती वाचत असताना मागून एक तरुण जोडपे आले, त्यांनी सूचना लक्षपूर्वक वाचली, एकमेकांकडे पाहिले आणि थडगी धुंडाळायला बाहेर गेले.