रस्त्यावरच्या गिट्टीनं गाडी फुटली, भरपाई कोणाकडून घेतली: माझा अनुभव

मार्च तोंडावर आला की आमच्याकडे रस्त्यांची कामं एकदम जागी होतात. निधी संपवायचा असतो. अशाच एका फेब्रुवारीत आम्ही शेजारच्या जिल्ह्यातलं लग्न आटोपून दारव्ह्याकडे परत येत होतो. दिवस मावळला होता. समोरून एका दिव्याचा ट्रॅक्टर येत होता, म्हणून मी गाडी डावीकडे घेतली आणि चाक गिट्टीच्या ढिगावर चढलं. ढिगानं अर्ध्याहून जास्त रस्ता अडवला होता. तिथं फलक नव्हता, ड्रम नव्हता, लाल कापडाची चिंधीसुद्धा नव्हती.

खालून जोराचा आवाज आला. सोबत माझा साळा होता, त्यानं बरीच वर्षं गॅरेजात काम केलेलं. तो उतरला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, आता चाबी नोका फिरवू. चेंबर फुटलं, सारं ऑइल सांडून राहिलं. तशीच चालवली त इंजिन धरून घेईन."

या एका वाक्यानं माझे पुष्कळ पैसे वाचले. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, फुटलं ते अपघाताचं नुकसान. पण ऑइल नसताना गाडी दामटली आणि इंजिन जाम झालं, तर विमा कंपन्या ते नंतर ओढवून घेतलेलं नुकसान धरतात आणि साध्या पॉलिसीत त्याचे पैसे देत नाहीत. कितीही रात्र झाली तरी गाडी टोचन करूनच न्यावी.

टोचनवाला येईपर्यंत आम्ही फोटो काढले. नुसता ढिगाचा फोटो कामाचा नाही, कारण गिट्टी सगळीकडे सारखीच दिसते. साळ्यानं खांद्यावरचा दुपट्टा ढिगाच्या काठापासून रस्त्याच्या दुसऱ्या कडेपर्यंत अंथरला, म्हणजे जायला किती जागा उरली ते दिसावं. मग विजेच्या खांबावरचा नंबर, पुढच्या पुलियावर रंगवलेला आकडा, आणि गाडी व ढीग एकाच चौकटीत येतील असे फोटो घेतले. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जेसीबीनं ती गिट्टी पसरवून टाकली होती. फोटो नसते तर पुढचं काहीच झालं नसतं.

विमा कंपनीला तिथूनच फोन केला आणि सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणेदार म्हणाले, कोणाला मार नाही, गुन्हा कशाचा नोंदवू? मी म्हटलं, सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये येतं, पाच हजारांपर्यंत दंड आहे. पण माझा आग्रह गुन्ह्यासाठी नाही, स्टेशन डायरीत नोंद करा आणि मला प्रत द्या. ती त्यांनी दिली. तारीख, वेळ आणि जागा सरकारी कागदावर आली, मला तेवढंच हवं होतं.

विम्याचं थोडक्यात सांगतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीला छदाम मिळत नाही. माझी पॉलिसी पूर्ण होती, तरी बिल आणि मिळालेली रक्कम यांत मोठी तफावत राहिली. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्यामागे एक हजार रुपये सक्तीनं कापले जातात. बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर आणि टायरवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणापोटी कपात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला तो ४० टक्के होतो. शिवाय दावा घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला, पुढच्या वर्षीचा हप्ता वाढला. हा फरक मी का सोसायचा? गिट्टी मी टाकली नव्हती.

इथून खरी वणवण सुरू झाली, कारण रस्ता कोणाचा हेच कोणी सांगेना. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्यमार्गाचा हिरवा. या रस्त्यावर दगडच उरले नव्हते. ढोबळमानानं ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. जिल्हा परिषदेतले बाबू म्हणाले, "हा रस्ता आता आमचा नाही जी, दर्जोन्नती झाली, वरच्या वर्गात गेला." बांधकामच्या उपविभागात गेलो तर ते म्हणाले, कागदं अजून आली नाहीत. दोन्ही टेबलांवर माणसं सौजन्यानं बोलली, आणि दोन्हीकडून मी रिकाम्या हातानं परतलो. एका गावकऱ्यानं सरपंचाकडे जायला सांगितलं. सरपंच बिचारे स्वतःच त्या कामाच्या तक्रारी करून थकले होते.

मग माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, मोजका मजकूर. मागितलं ते असं: या रस्त्याचा वर्ग आणि क्रमांक, कामाचा कार्यारंभ आदेश, कंत्राटदाराचं नाव, कामाची मुदत, आणि काम चालू असताना फलक, कठडे, रात्रीचे दिवे यांबाबत करारात असलेल्या अटींची प्रत. अर्ज जिल्हा परिषदेतच दिला. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो अर्ज त्यांनीच तिकडे पाठवायचा असतो. 'आमचा नाही' म्हणून हात झटकायची सोय त्या कलमानं बंद केली आहे. अर्ज बांधकाम विभागाकडे गेला आणि ३० दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं.

त्यात सगळं होतं. रस्ता त्यांचाच. काम त्या तारखेला चालू. आणि करारात स्वच्छ लिहिलेलं की कामाच्या जागी सूचना फलक आणि दिवे लावणं ही कंत्राटदाराची जबाबदारी, आणि त्याच्या कामामुळे तिसऱ्या कोणाचं नुकसान झालं तर तेही त्याच्यावर. ते पान मी कितीदा वाचलं असेल! एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना माणसांना टेबलाटेबलावर का हिंडवतात, याचा मला फार संताप आला. अजूनही येतो.

आमच्या तालुक्यातल्या वकीलसाहेबांनी मला एक गोष्ट नीट समजावली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आलं. रस्त्याच्या निकृष्ट बांधणी-देखभालीबद्दल कंत्राटदाराला किंवा यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड, पण मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांच्या बळींसाठी सहा लाख आणि जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख अशी भरपाई ठरवली, तीही माणसांच्या जिवासाठी आणि इजेसाठी. नुसत्या गाडीचं नुकसान झालं असेल तर निष्काळजीपणा दाखवून दिवाणी मार्गानंच मागावं लागतं. शासनाला प्रतिवादी करायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते.

नोटीस कार्यकारी अभियंता आणि कंत्राटदार दोघांनाही गेली. विम्यातून मिळालेली रक्कम वजा करून फक्त उरलेली मागितली, कारण एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत. सोबत फोटो, डायरीची नोंद, गॅरेजचं बिल, विमा कंपनीच्या सर्वेअरच्या अहवालाची प्रत आणि कराराचं ते पान जोडलं.

कंत्राटदाराचा माणूस घरी आला. आधी म्हणाला, तुम्ही जोरात होते. मी दुपट्ट्याचा फोटो पुढे केला आणि विचारलं, समोरून ट्रॅक्टर येत असताना एवढ्या जागेतून तुम्ही गाडी कशी काढली असती? तो बराच वेळ फोटो पाहत राहिला. टायरच्या रकमेवर घासाघीस झाली, ती मी थोडी सोडली, कारण टायर नवे नव्हते. बाकी त्यांनी मान्य केलं.

चेकसोबत त्यांनी एक टाइप केलेला कागद आणला. पैसे पूर्ण मिळाले आणि कामाबद्दल माझी कोणतीही तक्रार उरली नाही, असं त्यात होतं. पहिल्या वाक्याखाली मी सही करायला तयार होतो. दुसरं खोडायला लावलं. ढिगाजवळ फलक न लावल्याची माझी लेखी तक्रार उपविभागात होती, आणि त्याच रस्त्यानं रोज शाळेची पोरं सायकलीनं जातात. त्यानं वकिलाला फोन लावला, थोडा वेळ बाहेर जाऊन बोलला, आणि मग ते वाक्य खोडून बाजूला सही केली.