आईच्या जबड्याखालची गाठ
आईच्या उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा परभणीत ती दातामुळे आली असावी असे समजून आम्ही अँटिबायोटिक गोळ्यांवर काही महिने घालवले. गाठ दुखत नव्हती, म्हणून आई सोयाबीनची काढणी उरकेपर्यंत थांबली, याची मला आजही हळहळ वाटते. छत्रपती संभाजीनगरला सुईने पेशी काढून तपासल्या, एमआरआय झाला आणि ‘ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा’ हे लाळग्रंथीच्या कर्करोगाचे नाव प्रथमच कानी पडले. लाळग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातील गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अधिक, हेही तेव्हाच कळले. हा कर्करोग सहसा सावकाश वाढतो, परंतु मज्जातंतूंच्या कडेने दूरवर सरकतो. जिभेची एक बाजू बधिर वाटते ही आईची तक्रार, जी आम्ही तिखट खाण्यावर ढकलली होती, ती खरे तर सर्वांत महत्त्वाची खूण होती. शस्त्रक्रियेत ग्रंथी काढली, नंतर ६ आठवडे रेडिओथेरपी चालली. नेहमीच्या केमोथेरपीचा या प्रकारात फारसा उपयोग होत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तोंड कोरडे पडत असल्याने ज्वारीची भाकरी आता ती वरणात कुस्करून खाते. अनेक वर्षांनंतरही हा रोग फुफ्फुसात उद्भवू शकतो, त्यामुळे ५ वर्षे उलटल्यावरही तपासण्या थांबवायच्या नाहीत, असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे.