दोन रांगा, मधे वाट

गेल्या महिन्यात शिकागोजवळच्या शॉमबर्गला मैत्रिणीच्या लेकीचं लग्न झालं. अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं यथासांग. रात्री डीजेने फर्मान काढलं: समोरासमोर दोन रांगा करा, मधे वाट ठेवा. मग त्या वाटेतून जोडीजोडीने नाचत जायचं. नवरदेवाची आजी पदर खोचून चक्क पिंगा घालत गेली, तेव्हा हॉल डोक्यावर घेतला लोकांनी.

अशी रांग इथल्या बऱ्याच लग्नांत पाहिलेली. ही अमेरिकी रीतच असणार, असं मी धरून चालले होते. माझ्या शेजारी ऑफिसातली एक सहकारी बसली होती, शिकागोच्या साउथ साइडची, कृष्णवर्णीय, निवृत्तीला टेकलेली. ती म्हणाली, "अगं, ही आमची सोल ट्रेन! आणि जिथे ती सुरू झाली, त्या इमारतीवरून तू रोज जातेस."

खरंच की. धान्याच्या सौद्यांसाठी प्रसिद्ध असलेली बोर्ड ऑफ ट्रेडची इमारत. तिच्या ४३व्या मजल्यावरच्या चिमुकल्या स्टुडिओतून १७ ऑगस्ट १९७० ला डॉन कॉर्नेलियसने 'सोल ट्रेन' हा टीव्हीवरचा नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू केला. हा माणूस रेडिओवर बातम्या द्यायचा. कार्यक्रम कृष्णधवल, बजेट बेताचं, नाचणारी शाळा-कॉलेजची पोरं. सहकारी सांगत होती, शाळा सुटली की ती धावत घर गाठायची. पुढच्याच वर्षी कार्यक्रम लॉस एंजेलिसला गेला, देशभर दिसू लागला आणि २००६ पर्यंत चालला. नाचणाऱ्यांना मानधन नव्हतं. पण शनिवारी त्यांनी केलेली स्टेप आणि घातलेली पँट सोमवारी शाळेत दिसायची. जाहिरातीही कृष्णवर्णीयांच्याच: शिकागोच्या जॉन्सन कंपनीचं 'आफ्रो शीन', कुरळे केस दडवायला नव्हे, मिरवायला.

मला जास्त गंमत वाटली ती मूनवॉकची. मायकल जॅक्सनला ती चाल शिकवणाऱ्यांत जेफ्री डॅनियलचं नाव घेतात, आणि हा जेफ्री सोल ट्रेनच्या रांगेतूनच पुढे आलेला. म्हणजे आमच्या गल्लीतल्या गणपतीत जो मुलगा पायात मोजे घालून स्टेजवर मागे मागे सरकायचा (आणि दरवर्षी एकदा तरी आपटायचा), त्याच्या चालीचं एक टोक इथे होतं. त्याला ते ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे होतं, या शहरात इतकी वर्षं राहून?

सोमवारी लासाल स्ट्रीटवर थांबून वर पाहिलं. माथ्यावर सीरीस या धान्यदेवतेचा पुतळा आहे. तिला चेहरा नाही. इतक्या उंचावर जाऊन कोण बघणार, म्हणून शिल्पकाराने तो घडवलाच नाही, असं सांगतात. त्याच्या खाली मी मजले मोजायला लागले. तिसाच्या आसपास मान दुखायला लागली, आणि ट्रेन गेली ती गेलीच.